पोर्ट मोजलेस, वॅट कोण मोजणार?

"मॅडम, डेमो दिला तेव्हा सगळं चालू होतं." हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस. डेमो तू दिलास भर दुपारी. पतसंस्थेत कॅमेरे बसवतात ते रात्रीसाठी. अंधार पडला की स्ट्राँगरूमसमोरचा आणि मागच्या दाराचा कॅमेरा बंद पडतो, थोड्या वेळाने उठतो, पुन्हा बंद पडतो. रोजच्या रेकॉर्डिंगला भोकं पडली आहेत. त्या खोलीत लोकांनी तारण ठेवलेलं सोनं आहे. कुणाचं मंगळसूत्र आहे, कुणी पोराच्या फीसाठी ठेवलेल्या पाटल्या आहेत. आणि तू मला सांगतोस, दोन कॅमेरे खराब निघाले, कंपनीकडून बदलून घेतो. कॅमेऱ्यांना दोष देऊ नकोस. दोष हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब तू केलेलाच नाहीस.

तुझं कोटेशन माझ्यासमोर आहे. तळमजल्यावर सोळा कॅमेरे, म्हणून सोळा पोर्टचा पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीजही देणारा, स्विच. वरच्या मजल्यावर संगणक, प्रिंटर आणि तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणून अठ्ठेचाळीस पोर्टचा पीओई स्विच. पुढे केबल, पुढे यूपीएस, पुढे मजुरी. प्रत्येक ओळीत नग आहेत, दर आहे, रक्कम आहे. अख्ख्या कागदावर 'वॅट' हा शब्द एकदाही नाही. अरे, स्विचकडून वीज मागणारी उपकरणं तू बसवतोस आणि ती किती वीज मागतील हे कुठेही लिहीत नाहीस? डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षात हेच तुला वर्गात फळ्यावर उभं राहून करायला लावलं होतं. तेव्हा जमत होतं. धंदा सुरू केलास आणि बेरीज विसरलास?

घे, आता करू. अकरा कॅमेरे आतले, साधे. डेटाशीटवर प्रत्येकाची कमाल मागणी ७ वॅट. झाले ७७. चार बाहेरचे, प्रत्येकी १२ वॅट. ४८. एक फिरता पीटीझेड, २४ वॅट. एकूण १४९. आणि तू घेतलेल्या स्विचचं एकूण पीओई बजेट किती? १२० वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रत्येक पोर्टला ३० वॅट' असं छापलंय, तेवढंच तू वाचलंस. ते खोटं नाही. एका पोर्टला ३० वॅटपर्यंत मिळतात. पण सगळ्या पोर्टना मिळून १२०च. चार पोर्टनी पूर्ण ३० मागितले तर उरलेल्या बारांना काही उरत नाही. पंगतीत सोळा पानं मांडलीस आणि भात शिजवलास दहा जणांचा. पानं मोजून जेवण होत नाही.

मग दुपारी का चाललं? कारण दिवसा कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंद असतात. आतला कॅमेरा तेव्हा चारेक वॅटवर भागवतो, बाहेरचा सहावर, पीटीझेड उभा असला तर बारावर. सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. स्विच खूश, तू खूश, मॅनेजर साहेबांनी चेकवर सही केली. संध्याकाळी उजेड गेला की सोळाही कॅमेऱ्यांचे दिवे एका सुमाराला लागतात आणि मागणी बजेटच्या वर जाते. स्विचला मग कुणाची तरी वीज तोडावीच लागते. कुणाची, ते पोर्टच्या अग्रक्रमावर ठरतं. तो अग्रक्रम तू लावलाच नाहीस. सगळे पोर्ट सारखेच ठेवलेस की पुष्कळ स्विच मोठ्या क्रमांकाच्या पोर्टपासून तोडायला सुरुवात करतात. तुझ्या रॅकमध्ये पंधरा नंबरला मागचं दार आहे आणि सोळा नंबरला स्ट्राँगरूम. वीज तुटते, मागणी खाली येते, स्विच पुन्हा वीज देऊन बघतो, कॅमेरा उठतो, दिवे लावतो, मागणी पुन्हा वर जाते. रात्रभर हेच. लॉग उघडून बघितला असतास तर एका ओळीत कळलं असतं. तू कॅमेरा पुसून बसवलास.

आता मुळापासून ऐक, कारण तुझ्या डोक्यात 'पीओई' म्हणजे एक शिक्का झालाय. त्यात पायऱ्या आहेत. २००३ साली आयईईईने ८०२.३एएफ हे मानक आणलं. स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट, उपकरणापाशी खात्रीने १२.९५ वॅट. २००९ साली ८०२.३एटी. पोर्टवर ३०, उपकरणापाशी २५.५. २०१८ साली ८०२.३बीटी. त्यात चारही जोड्यांतून वीज जाते. पोर्टवर ६० किंवा ९० वॅट, आणि उपकरणापाशी अनुक्रमे ५१ आणि ७१.३. दोन आकड्यांतला फरक कुठे जातो? शंभर मीटर तारेत, उष्णता होऊन. स्विचचं बजेट पोर्टपाशी मोजलेलं असतं, कॅमेऱ्याची मागणी कॅमेऱ्यापाशी. मधली गळती तुला धरावीच लागते. म्हणजे ते १४९ सुद्धा पुरे नाहीत. दहा टक्के गळती धर, १६४ झाले. उद्या दोन कॅमेरे वाढतील, वीसेक टक्के हात राखून ठेव, जवळपास २०० झाले. तुला हवा होता २४०-२५० वॅट बजेटचा सोळा पोर्टचा स्विच, किंवा चोवीस पोर्टचा ३७० वॅटवाला. ३७० हा आकडा कुठून येतो तेही सांग बघू. चोवीस गुणिले १५.४. बाजारातले आकडे असे मानकातून येतात, ते पाठ करायची गरज नाही. गुणाकार येत असला की पुरे.

आणखी एक. काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजतात, काही उपकरणाच्या वर्गाप्रमाणे वीज आधीच राखून ठेवतात. कॅमेऱ्याने आपला वर्ग सांगितला नाही, तर तो ७ वॅटच खात असला तरी त्याच्या नावावर १५.४ राखले जातात. तुझा स्विच वापर मोजणारा निघाला म्हणून सोळाही कॅमेरे दिवसा तरी चालले. दुसऱ्या प्रकारचा असता, तर आठव्या कॅमेऱ्यापाशीच, भर डेमोत तुझं पितळ उघडं पडलं असतं. कोणता प्रकार आहे आणि तो बदलता येतो का, हे विकत घेण्याआधी वाचायचं असतं.

आता वरच्या मजल्यावर चल. तिथलं पाहून तर मला जास्त राग आला. अठ्ठेचाळीस पोर्टचा पीओई स्विच, बजेट ७४० वॅट. त्यावर काय जोडलंयस? चौतीस संगणक आणि प्रिंटर. त्यांतला एकही नेटवर्कच्या तारेतून वीज घेत नाही. फोन अजून जुन्या ईपीएबीएक्सवर आहेत. वीज मागतात फक्त तीन ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकी २० वॅट. ७४० पैकी ६० वॅट. एकाच इमारतीत, एकाच बिलावर, वरती पावणेसातशे वॅट रिकामे पडलेत आणि खाली तीसेक वॅटसाठी स्ट्राँगरूमचा कॅमेरा मरतोय. हे मी एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहिलं असतं तर शून्य दिलं असतं. इथे तर सभासदांचे पैसे गेलेत.

तू म्हणशील, जास्त घेतलं तर बिघडलं काय? पीओई पोर्टला संगणक लावला तर संगणक जळत नाही, बरोबर. त्याचं कारण तुला ठाऊक असायला हवं. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी लहानशा व्होल्टेजने चाचपणी करतो, पलीकडे साधारण २५ किलोओहमचा ठरावीक रोध सापडला तरच वीज सोडतो. संगणकात तो रोध नसतो, म्हणून वीज जात नाही. म्हणजे नुकसान उपकरणाचं होत नाही. नुकसान गिऱ्हाइकाचं होतं. साध्या अठ्ठेचाळीस पोर्टच्या स्विचपेक्षा हा कितीतरी महाग. आत मोठा पॉवर सप्लाय, त्याला पंखे, आणि ते पंखे कॅश काउंटरच्या मागे दिवसभर घोंघावतात. रिकामा असला तरी साध्या स्विचहून जास्त वीज खातो. बिघडला तर बदलायचा खर्चही तेवढाच मोठा. तिथे हवा होता साधा अठ्ठेचाळीस पोर्टचा स्विच आणि शेजारी एक छोटा आठ पोर्टचा पीओई. त्यातही ६५ वॅटचा उचलला असतास तर पुन्हा चुकला असतास. साठात गळती आणि राखीव धर, ऐंशीच्या जवळ जातं. १२० वॅटचा हवा.

"भविष्यात लागेल." हे तुझं दुसरं लाडकं वाक्य. दुकानदाराने शिकवलं आणि तू गिऱ्हाइकाला शिकवलंस. भविष्याची इतकी काळजी होती, तर भिंतीत तार कुठली घातलीस? तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. मी टोक सोलून बघितलं, आत पांढरं आहे. त्यावर 'कॅट-६' छापलेलं असलं तरी ती तार कॅट-६च्या मानकात बसत नाही, कारण मानकाला शुद्ध तांबं लागतं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. म्हणजे रोध जास्त, गळती जास्त, तार गरम जास्त, आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज कमी. मागच्या फाटकाचा कॅमेरा ऐंशी मीटरवर आहे. त्याला १२ वॅट पोचवायला तुझ्या तारेत किती जळतात, याचा विचार केलास? मी मघाशी धरलेले दहा टक्के तांब्याच्या तारेसाठी होते. स्विच काही वर्षांनी बदलायचाच असतो. चार स्क्रू काढले की बदलतो. फोन आयपीवर गेले तर तेव्हा एक पीओई स्विच वाढवता येतो. आणि पुष्कळशा आयपी फोनना पाठीमागे संगणकासाठी दुसरं पोर्ट असतं, त्यामुळे पोर्टची गणितंही तेव्हा नव्याने मांडावी लागतील. भिंतीतली तार मात्र प्लास्टर फोडल्याशिवाय बदलत नाही. भविष्य तारेत ठेवायचं असतं. तू तारेत पैसे वाचवलेस आणि स्विचमध्ये उधळलेस. उलटं करायचं होतं.

यूपीएसची ओळ वाचली. ६०० व्हीए. हा कसा काढलास? स्विच स्वतः पंधरा-वीस वॅट खातो, एवढ्यावर, हो ना? अरे, पीओई घेतलंस म्हणजे सोळा कॅमेऱ्यांचा भार त्या एका स्विचच्या प्लगमधून जातो. योग्य स्विच बसवला की १६४ वॅट पोर्टवर, पॉवर सप्लायमधली तूट धरून भिंतीतून १९०च्या घरात, वर रेकॉर्डिंग करणाऱ्या एनव्हीआरचे चाळीसेक. तुझ्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी आहे. ती ८४ वॅट-अवर. कागदावर बावीस मिनिटं, आणि अशा भाराला प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते, हे मी तुला सांगायचं का?

आणि हीच तर पीओईची मोठी सोय आहे. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी ॲडॅप्टर लावला असता, तर सोळा ठिकाणी सॉकेट, सोळा ठिकाणी वायरमन, पावसात भिजणारे जोड, आणि लाइट गेली की सोळाही आंधळे. पीओईत सगळी वीज एका जागेवरून जाते, त्या एका जागेला बॅटरी दिली की सगळे डोळे उघडे राहतात. कॅमेऱ्यांसाठी पीओई निवडलंस, तो निर्णय बरोबर होता. त्यावर माझा राग नाही. पण सगळी वीज एका जागी आणायची आणि त्या जागेला पुरेशी बॅटरी द्यायची नाही, म्हणजे सोय घेतलीस आणि जबाबदारी टाकलीस.

रॅकच्या तळाशी एक काळी डबी सापडली. वॉचमनच्या केबिनकडे जाणाऱ्या वायरलेस रेडिओचा २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर. त्यावर चिठ्ठी नाही, तार कुठे जाते त्याची खूण नाही. मघाशी सांगितलेली चाचपणी ही डबी करत नाही. पलीकडे कोण आहे हे न विचारता ती वीज ढकलते. उद्या तिथल्या कारकुनाने रिकामं टोक दिसलं म्हणून आपला लॅपटॉप लावला, तर त्याचं नेटवर्क पोर्ट जाऊ शकतं. तो रेडिओ त्याच डबीवर चालतो हे मान्य, ठेव ती डबी. पण लाल पट्टी लाव, व्होल्टेज लिही, आणि पॅच पॅनलपासून वेगळी ठेव. बाहेरच्या चारही तारांना सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंगही तुझ्या कोटेशनमध्ये नाही. वळवाच्या पहिल्या विजेला तो स्विच कसा टिकवणार होतास?

तर आता लिहून घे, आणि यापुढे कुठलंही कोटेशन करण्याआधी याच क्रमाने जा. आधी उपकरणांची यादी, पोर्टची नंतर. प्रत्येकापुढे लिही, तारेतून वीज घेतं की नाही. घेत असेल तर कोणत्या मानकाने, आणि डेटाशीटवरची कमाल मागणी किती, म्हणजे दिवे, हीटर, मोटर सगळं चालू असतानाची. मग बेरीज. मग गळती. मग राखीव. तो आकडा हाती आल्यावरच स्विचचं पान उघडायचं, आणि त्यात पहिल्यांदा एकूण बजेट बघायचं, मग एका पोर्टची मर्यादा, मग पोर्टची संख्या. वीज न घेणारी उपकरणं साध्या स्विचवर. घेणारी जास्त असतील तर पीओई स्विच. एखाददुसरंच असेल तर साधा स्विच आणि मानकातला एक इंजेक्टर, त्यासाठी अख्खा पीओई स्विच घ्यायचं कारण नाही. शेवटी त्या सगळ्या भारावर यूपीएस. आणि चाचणी अंधार पडल्यावर, सगळे दिवे लागलेले असताना, स्विचच्या पानावर वॅटचा आकडा डोळ्यांनी बघून. दिवसाउजेडी घेतलेली चाचणी मी चाचणी मानत नाही.

आज रात्रीचं काम वेगळं. सोळा नंबरच्या पोर्टला सर्वोच्च अग्रक्रम दे, पंधराला त्याखालचा. पीटीझेड आणि बाहेरचे दोन कॅमेरे स्विचवरून काढून ३० वॅटच्या तीन इंजेक्टरवर घे. त्यात मागच्या फाटकाचा, लांब तारेवरचा घे. मग स्विचवर १०१ वॅट उरतील, गळतीसकट १११. एकशेवीसच्या आत बसतील, पण जेमतेम. तुझी तार कोणती आहे ते लक्षात ठेव, म्हणून रात्री दहापर्यंत तिथेच थांब आणि आकडा बघ. इंजेक्टर यूपीएसवरच लाव, भिंतीतल्या सॉकेटवर लावून निघून येऊ नकोस. ही मलमपट्टी आहे. आठवड्याभरात खालचा स्विच आणि यूपीएस बदलायचे, लांबच्या आणि बाहेरच्या तारा तांब्याच्या ओढायच्या, आणि वरचा मोठा स्विच दुकानदार परत घेतो का ते विचारायचं.

आणि मॅनेजर साहेबांना उद्या सकाळी तू स्वतः जाऊन सांगायचं. 'कॅमेरा खराब निघाला' असं नाही. 'मी विजेचा हिशेब केला नव्हता, तो आता केलाय, हा बघा कागद,' असं. फरकाचे पैसे तुझ्या खिशातून जातील. जाऊ देत. ज्या माणसाला वॅट आणि व्होल्टमधला फरक कळत नाही, तो डोळे मिटून तुझ्या शब्दावर सही करतो. त्याला स्विच तपासता येत नाही, म्हणून तो तुला तपासायला ठेवतो. आपल्या कामात फसवणूक करायला खोटं बोलावं लागत नाही. बेरीज न करणं पुरतं. ज्या कागदावर तू सही करतोस, त्या कागदावर माझ्या वर्गाचंही नाव असतं, म्हणून मी इतकी बोलते आहे. हुशारीत तू कमी नव्हतास, आजही नाहीस. आळस केलास, आणि तो दुसऱ्याच्या पैशावर केलास.

वॅटचा तक्ता तुझ्या हाताने लिहिलेला, रात्रीच्या आकड्यांसकट, परवा माझ्या टेबलावर हवा. तो बरोबर असल्याशिवाय तुझ्या पुढच्या कामासाठी मी कुणालाही तुझं नाव सांगणार नाही.